माटोळीतलं सीताफळ आणि काकूंच्या सव्वीस कुंड्या

काकूंचा फोन आला तो चिलटांसाठी. "गो बाय, संध्याकाळी टीव्ही लावला की तोंडासमोर बारीक काळी चिलटं नाचतात. एकदा येऊन झाडं बघून जाशील?" फोन ठेवता ठेवता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "क्रोटनवर पिठासारखं कायतरी बसतं, पण ते मी रोज पुसते." पणजी आणि आसपासच्या घरांतली, ऑफिसांतली झाडं सांभाळणं हे माझं काम. फोन ठेवताना उरकून टाकलेलं वाक्यच बहुतेक वेळा खरं दुखणं निघतं, हे आता सवयीचं झालंय. रोज पुसावं लागतं म्हणजे रोज येतंय.

शनिवारी, २० जुलै २०२४ ला, मी फोंड्याला गेले. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं त्याचं कारण काकू. त्या निवृत्त शिक्षिका. पहिल्याच दिवशी त्यांनी जुन्या हजेरीपटासारखी वही आखली, प्रत्येक कुंडीला क्रमांक दिला आणि पुढचे दोन महिने दर शनिवारी न चुकता नोंद केली. बाकीच्या घरांत "आधीपेक्षा बरंय" एवढ्यावर भागवावं लागतं, इथे आकडे मिळाले.

घर

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बाल्कनी पश्चिमेला. मे अखेरपर्यंत सगळ्या सव्वीस कुंड्या बाहेर होत्या: क्रोटन, मनीप्लांट, होया, अरेका पाम, पीस लिली, जेड, हंसराज आणि अशाच आणखी. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पश्चिमेच्या बाल्कनीत तो पडत नाही, आडवा घुसतो. म्हणून मृग लागला तसं काकूंनी सगळं हॉलमध्ये घेतलं, तीन पायऱ्यांच्या लोखंडी स्टँडवर मांडलं आणि खिडक्या लावून टाकल्या. जाता जाता प्रत्येक कुंडीत चमचाभर युरिया. "घरात आणलंय तर जरा खाऊ घालावं म्हटलं."

बाहेर असताना या झाडांवर कीड नव्हती असं नाही. पण तिथे पावसाची झोड पिल्लं धुऊन नेते, वारा असतो आणि किडीला खाणारे भुंगेरे असतात. हॉलमध्ये यातलं काहीच नाही. दिवसरात्र २७-२८ अंश, हवा स्तब्ध, उजेड बेताचा, त्यात युरियामुळे फुटलेले लुसलुशीत कोंब. माहेरपणाला आलेल्या लेकीचीसुद्धा अशी बडदास्त कोणी ठेवत नाही.

पाहणी

चिलटांचं आधी उरकते. ती ओल्या मातीच्या वरच्या थरात वाढतात, अळ्या तिथल्या बुरशीवर आणि कोवळ्या मुळांवर जगतात. पावसाळ्यात माती सुकत नाही आणि काकू मात्र उन्हाळ्याच्याच हिशेबाने दिवसाआड पाणी घालत होत्या. बशांतलं पाणी ओतून टाकलं, वरची दोन सेंटिमीटर माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी द्यायचं नाही असं ठरवलं, पिवळे चिकट सापळे लावले आणि पाण्यातून एकदा बीटीआय दिलं. हा डासांच्या अळ्या मारणारा जिवाणू आहे, चिलटांच्या अळ्यांवरही चालतो. नव्वदच्या दशकात मलेरियाच्या डासांवर याच्या चाचण्या गोव्यातच झाल्या होत्या. तीन आठवड्यांत चिलटांचा विषय संपला, आणि खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं काम पाणी कमी करण्याने झालं.

आता क्रोटन. वरून बघितलं तर झाड स्वच्छ, कारण काकू रोज पुसत होत्या. मी कुंडी उचलून खिडकीशी नेली, पान उलटलं आणि दहा पट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावलं. मधल्या शिरेला चिकटून तांदळाच्या कणीएवढे लांबट किडे बसले होते. अंगावर पीठ चाळल्यासारखा थर, कडेने आखूड मेणाची झालर, पाठीवर मधोमध पुसटशी गडद रेघ. शेपटीकडे लांब धागे नाहीत. देठाच्या बेचक्यात कापसाचा बोळा. सुईने बोळा उकलला तर आत पिवळसर अंडी, इतकी की मोजायचं सोडून दिलं. पिठ्या ढेकूण, म्हणजे सगळे म्हणतात तो मिलीबग. त्यातही लिंबूवर्गीय फळझाडांवर नेहमी येणारी जात, प्लॅनोकॉकस सिट्री. शेपटीचे धागे पाहण्याला कारण आहे. लांबशेपट्या मिलीबगची मादी कापसात अंडी घालत नाही, सरळ पिल्लं देते, आणि मग दिवसांचं गणित बदलतं. आपल्या या जातीची मादी एका बोळ्यात ३०० ते ६०० अंडी घालते. घरातल्या उबेत ती आठ-दहा दिवसांत फुटतात आणि महिन्याभरात पुढची पिढी तयार होते.

खालच्या पानांवर चिकट ओघळ होते आणि त्यांवर काजळीसारखी बुरशी. काकूंना ती उदबत्तीची काजळी वाटत होती. किडा रस पितो, जास्तीची साखर मागच्या बाजूने टाकतो, त्यावर ही बुरशी धरते. मग मी स्टँडच्या मागे टॉर्च मारला आणि मुंग्या दिसल्या. बारीक काळ्या मुंग्यांची रांग स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीतून निघून, भिंतीच्या कडेने स्टँडच्या मागच्या पायावर चढत होती. काकूंच्या डब्यांना या मुंग्यांनी तोंडही लावलं नव्हतं. त्यांना गोड इथेच मिळत होतं. मुंग्या मिलीबगचा गोड चिकटा खातात आणि बदल्यात त्याच्या शत्रूंना हुसकावतात, पिल्लं इकडून तिकडे नेतात.

सव्वीसपैकी नऊ कुंड्यांत कीड सापडली. सगळ्यात वाईट अवस्था मनीप्लांटची, आणि तीसुद्धा पानांवर नव्हे. काथ्या गुंडाळलेल्या आधाराच्या काठीचा एक पदर मी उलगडला तर आत पांढरा कापूसच कापूस. पानं पुसून काय होणार होतं?

आधी काय काय करून झालं होतं

काकूंनी हातावर हात ठेवून वाट बघितली नव्हती. भांडी घासायच्या साबणाचं पाणी, हिंग-हळदीचं पाणी, हे झालं होतं. खालच्या मजल्यावरच्या अंकलनी काजूची फेणी सुचवली होती. गोव्यात सर्दीला छातीवर फेणी चोळणाऱ्या घरांत हा उपाय सुचणं साहजिकच. मी हसण्यावारी नेलं नाही, कारण कल्पना चुकीची नाही. अल्कोहोल किड्याचं मेण विरघळवतं. पण औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये अल्कोहोल सत्तर टक्क्यांच्या आसपास असतं, फेणीत बेचाळीस-त्रेचाळीस. अंगावर थेट पडली तर एखादा मरतो, बोळ्यातल्या अंड्यांना ढिम्म होत नाही. शिवाय हॉलला दोन दिवस भट्टीचा वास.

झुरळांचा फवारा मात्र महागात पडला. पीस लिलीची चार पानं पांढुरकी होऊन करपली, कारण असल्या डब्यांतलं द्रावण पानांसाठी बनवलेलंच नसतं. आणि एका नर्सरीवाल्याने प्लास्टिकच्या पुडीत बांधून दिलेले पांढरे दाणे. "मातीत टाका, सगळं साफ." पुडीवर नाव नाही, प्रमाण नाही. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे, आणि डब्यावर विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण असावाच लागतो: सगळ्यात जहाल ते लाल, मग पिवळा, निळा, हिरवा. काकूंच्या घरात चार वर्षांची नात आणि एक मांजर. दाणे कुठलेही असोत, मी ते वापरू दिले नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. बाल्कनीतल्या एका जुन्या क्रोटनवर काकूंना मे महिन्यात "मोठे, केसाळ मिलीबग" दिसले होते, चांगले अर्धा इंच लांब आणि भराभरा चालणारे. चिमट्याने एकेक पकडून त्यांनी ते चिरडले होते. प्रौढ मिलीबग क्वचित हलतो, हलला तरी कण्हत कुथत. पळणारा, लांब मेणाच्या झुपक्यांचा किडा म्हणजे क्रिप्टोलीमस भुंगेऱ्याची अळी. ती मिलीबगचंच सोंग घेऊन त्यांच्यात वावरते आणि त्यांनाच खाते. हा भुंगेरा १८९८ मध्ये मुद्दाम ऑस्ट्रेलियाहून भारतात आणला होता. "म्हणजे मी पोलिसालाच मारलं की," काकू म्हणाल्या.

चुकत कुठे होतं

काकू कीड दिसली की उपाय करत होत्या. कोणीही हेच करेल. पण कीड डोळ्यांना दिसते तोपर्यंत तिच्या अंगावर मेणाचा रेनकोट चढलेला असतो आणि त्यावरून पाणी, साबण, कडुनिंब सगळं ओघळून जातं. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू मात्र उघडं असतं, फिकट पिवळं, टिंबाएवढं. ते साध्या साबणाच्या पाण्यानेही मरतं, पण आपल्याला दिसत नाही. म्हणून फवारणी कीड बघून नव्हे, वार बघून करायची. दर सात दिवसांनी, झाड कितीही स्वच्छ दिसो. पहिल्या फवारणीच्या वेळी जी अंडी बोळ्यात होती ती दुसऱ्या-तिसऱ्या फवारणीच्या टप्प्यात सापडतात. औषधं काकूंची अगदी वाईट नव्हती, तारखा वाईट होत्या.

उपचार

दोन कुंड्या वाचवायच्या नाहीत असं पहिल्याच दिवशी ठरलं: काठीसकट मनीप्लांट आणि एक जर्जर जेड. मनीप्लांटचे स्वच्छ शेंड्याचे तीन तुकडे तेवढे धुऊन पाण्याच्या बाटलीत ठेवले. उरलेल्या सात आजारी कुंड्या न्हाणीघरात, दार लावून. सतरा निरोगी कुंड्यांचं स्टँड भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं.

मग मुंग्या. अर्धी वाटी साखर, दीड चमचा टाकणखार आणि दीड वाटी कोमट पाणी. त्यात कापूस भिजवून बाटलीच्या झाकणांत ठेवला, मुंग्यांच्या वाटेवर पण नातीचा आणि मांजराचा हात-तोंड पोचणार नाही असा, खिडकीच्या चौकटीमागे. प्रमाण मुद्दाम सौम्य. मुंगी वाटेत मरून उपयोग नाही, तिने ते वारुळात नेऊन वाटलं पाहिजे. पहिले दोन दिवस मुंग्या वाढल्याच, काकूंनी घाबरून फोन केला. पाचव्या दिवशी रांग तुटली. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, पूर्वी जाळीच्या कपाटाला ठेवायचे तशा. त्यात साबणाचे दोन थेंब आणि दर दोन दिवसांनी पाणी बदल, नाहीतर मिलीबग घालवायला जाऊन डास पाळायचे.

न्हाणीत पहिल्या दिवशी औषधच नव्हतं. कुंडीतल्या मातीवर पिशवी बांधायची, झाड आडवं धरायचं आणि हँडशॉवरच्या जोराच्या धारेने पानांची मागची बाजू धुवायची. मग बेचक्यांतले बोळे स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानकाडीने एकेक. स्पिरिट लागलं की पांढरा रंग जाऊन खालचा तपकिरी-गुलाबी किडा उघडा पडतो. तसं झालं म्हणजे मेण गेलं. कुंडीच्या काठाखालची खाच आणि तळाची भोकं जुन्या टूथब्रशने. एका क्रोटनला पाऊण तास लागला. शेवटी लिटरभर पाण्यात पाच मिली सौम्य द्रव साबण, पानं दोन्ही बाजूंनी निथळेपर्यंत.

२७ जुलै आणि ३ ऑगस्टला कडुनिंबाचं तेल: लिटरला पाच मिली, ते पाण्यात मिसळावं म्हणून दोन मिली साबण, दिवेलागणीला. कडुनिंब किड्याला पटकन मारत नाही, त्याची कात टाकायची क्रिया बिघडवतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मेलेले किडे शोधू नयेत.

इथे माझी चूक. प्रत्येक झाडाच्या एका पानावर फवारून दोन दिवस थांबायचं, हे मी दुसऱ्यांना कायम सांगते. हंसराजावर एकच संशयास्पद बोळा होता. घाई होती, शेवटची बस गाठायची होती, मी त्यालाही बाकीच्यांबरोबर तेल मारलं. बुधवारपर्यंत त्याची सगळी पानं तपकिरी. नेच्यांची पातळ पानं तेल आणि स्पिरिट सोसत नाहीत, हे मला माहीत होतं. काकूंनी वहीत कुंडी क्रमांक अकरापुढे "गैरहजर" लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं.

१० आणि १७ ऑगस्टला व्हर्टिसिलियम लेकॅनी, लिटरला पाच ग्रॅम. ही मऊ अंगाच्या किडीवर वाढणारी बुरशी आहे आणि तिला भरपूर ओलावा लागतो. कोरड्या प्रदेशातल्या हॉलमध्ये मी ती सुचवणार नाही, पण ऑगस्टातल्या फोंड्यात चपलांवरसुद्धा बुरशी येते. जो दमटपणा इतके दिवस आपल्या विरुद्ध होता तो एकदा तरी आपल्या बाजूने लावला.

हजेरीपट

मोजणी एकाच मोठ्या क्रोटनवर, दोरा बांधून ठेवलेल्या दहा पानांची, दर वेळी फवारणीच्या आधी. २० जुलैला ४७. २७ जुलैला १२. ३ ऑगस्टला १९.

या १९ वर गाडी अडली. काकू म्हणाल्या, "वाढले गो. सोड, फेकून देऊया." बहुतेक घरांत इथेच उपाय थांबतात किंवा जास्त जहाल औषध येतं. मी त्यांना भिंग दिलं. सत्तेचाळीसमध्ये पिठाळलेल्या माद्या होत्या. एकोणीसमधली सगळी पिवळी टिंबं, नुकती फुटलेली. एकही मोठी मादी नाही, एकही नवा बोळा नाही. हा परतलेला शत्रू नव्हता, आधी दडलेलं शिल्लक खातं होतं. काकूंनी भिंग बराच वेळ डोळ्याला लावून ठेवलं, मग वहीत १९ पुढे कंसात "बालवर्ग" असं लिहिलं.

१० ऑगस्टला ७, १७ ला २, २४ ला शून्य, ३१ ला शून्य. कुंड्या न्हाणीतून परत स्टँडवर आल्या. मी प्रकरण बंद केलं.

चवथीनंतर

२०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला होती. काकूंकडे पाच दिवसांचा गणपती. २५ सप्टेंबरला व्हॉट्सॲपवर फोटो आला: तोच क्रोटन, वरची चार पानं, पांढरे ठिपके. खाली एकच ओळ, "परत भरती".

पहिला विचार आला की आपण बोळा सोडला. पण सोडलेल्या बोळ्यातली कीड खालून, जुन्या पानांतून वर येते. ही वरच्या पानांवर होती, जणू कोणी वरून शिंपडली. मी विचारलं, चवथीत हे झाड कुठे होतं? गणपतीच्या बाजूला, शोभेला. आणि त्यावर काय होतं? माटोळी.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, बागेतली फळं-पानं बांधतात. नारळांची पेंड म्हणजे घड, सुपारीचे घोस, चिबूड, आंबाडे, तोरिंगण, सीताफळं. काकूंनी माटोळी उतरल्यावर उरलेली फळं सुपात घालून चार दिवस स्टँडच्या वरच्या पायरीवर ठेवली होती. "त्यातलं काही शिल्लक आहे?" फेकून दिलंय म्हणाल्या, पण सुनेने पहिल्या दिवशी माटोळीचा जवळून फोटो काढला होता. तो मोठा करून बघितला. सीताफळाच्या डोळ्यांमधल्या खाचांत, देठाशी, पांढरा कापूस. सीताफळ हे मिलीबगचं आवडतं ठिकाण; बाजारात आपण तो पांढरेपणा फळाचाच समजून बोटाने पुसतो.

या वेळी लवकर सापडलं होतं. चारच पानं, ती काढून टाकली, झाड न्हाणीत, चार शनिवार साबण आणि तेल. मुंग्या नव्हत्या, त्यामुळे कीड शेजारच्या कुंडीत गेली नाही. ऑक्टोबर अखेर खातं पुन्हा शून्यावर आलं, कुंड्या बाल्कनीत गेल्या.

२०२५ च्या चवथीच्या आदल्या दिवशी मी सहज डोकावले. काकू न्हाणीच्या दारात पाटावर बसून सीताफळं टूथब्रशने घासत होत्या, नात बादलीतून एकेक हातात देत होती. क्रोटन आतल्या खोलीत हलवला होता. स्टँडवर क्रमांक अकराच्या जागी रिकामी कुंडी अजून तशीच ठेवलेली. मी बघितलं तसं काकू मान वर न करता म्हणाल्या, "हंसराज आणलास?"

आणला नव्हता.